नोंद वहीत असू द्या, कपाळावर नको

मैत्रिणींनो, बारावीचं हॉल तिकीट हा आपल्या घरातला केवढा लाडका कागद! देवापुढे ठेवायचा, हळद-कुंकू लावायचं, दोन झेरॉक्स काढून ठेवायच्या. जानेवारी २०२५ मध्ये राज्य मंडळाची बारावीची हॉल तिकिटं ऑनलाइन आली, तेव्हा त्यावर नाव, आसन क्रमांक आणि विषय यांच्या जोडीला आणखी एक रकाना होता. त्यात मुलाचा जात प्रवर्ग छापलेला होता. मंडळाचं म्हणणं असं, की शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये प्रवर्ग चुकीचा लागला असेल तर तो मुलांना वेळेत कळावा. एकदा शाळा सुटली की दुरुस्ती होत नाही आणि पुढे शिष्यवृत्तीला, प्रवेशाला अडचण येते. हेतू वाईट नव्हता. पण राज्यभरातून टीका झाली, मंडळाने दिलगिरी व्यक्त केली, रकाना काढला आणि नवी हॉल तिकिटं दिली. आठवडाभरात विषय संपला. पेपरवाले पुढच्या बातमीकडे वळले, आपणही वळलो.

माझ्या मनातून मात्र तो गेला नाही. माझं माहेर धुळ्याचं, सासर जळगावचं. बचत गटांच्या कामानिमित्त दोन्ही जिल्ह्यांत फिरणं असतं. त्याच महिन्यात शिरपूर तालुक्यातल्या एका गावी गटाची बैठक होती. हप्त्यांचा हिशेब झाल्यावर गप्पा हॉल तिकिटावर आल्या. एकीने विचारलं, "ताई, शाळेच्या दाखल्यावर जात, शिष्यवृत्तीच्या अर्जावर जात, तहसीलदाराच्या कागदावर जात. मग हॉल तिकिटावर आली तर एवढा गोंधळ कशाला?" प्रश्न अगदी रास्त होता. मी उत्तराची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात कोपऱ्यात बसलेली एक बाई हळूच म्हणाली, "दाखला कपाटमा ऱ्हास ताई. हॉल तिकीट बाकवर ऱ्हास."

दाखला कपाटात राहतो, हॉल तिकीट बाकावर राहतं! अहिराणीतल्या या दोन वाक्यांत सगळं आलं. बाकावर ठेवलेला कागद पर्यवेक्षक बघणार, शेजारचा मुलगा बघणार, आणि मुख्य म्हणजे पेपर लिहिता लिहिता ते मूल स्वतः बघणार.

बघितलं म्हणून काय होतं, असं कोणी म्हणेल. काय होतं याचा शोध समाजमानसशास्त्र नावाचं शास्त्र घेतं. चार माणसांत वावरताना माणसाचं मन कसं चालतं, दुसऱ्याच्या नजरेने ते कसं फुलतं नि कसं आक्रसतं, याचा हा अभ्यास. आपल्याला तो पुस्तकाशिवाय बराचसा ठाऊक असतो. नव्या सुनेच्या हातून सासूसमोरच पोळी का करपते, हे कोणत्या सुनेला सांगायला हवं?

या शास्त्रातला एक प्रयोग आपल्याच देशातला आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन संशोधक स्त्रियांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. सुटलेल्या प्रत्येक कोड्याला एक रुपया. सहा-सहा मुलांचे गट, निम्मे तथाकथित वरच्या जातींचे, निम्मे खालच्या मानलेल्या जातींचे. जिथे कोणाची जात सांगितली नाही, तिथे दोन्हीकडच्या मुलांनी सारखीच कोडी सोडवली. दुसऱ्या काही गटांत सुरुवातीलाच प्रत्येक मुलाचं नाव, वडिलांचं नाव, गाव आणि जात सगळ्यांसमोर वाचून दाखवली. कोडी तीच, वेळ तेवढाच. पण तिथे खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी सुमारे पाचव्या हिश्शाने घसरली. या प्रयोगाचे निष्कर्ष २००६ मध्ये अमेरिकेतल्या अर्थशास्त्राच्या एका नामांकित नियतकालिकात आले. बुद्धी तर पंधरा मिनिटांत कमी होत नाही. मग कमी काय झालं? संशोधकांना वाटलं, कमी झाला तो विश्वास. जात सगळ्यांना कळली, आता आपल्याला न्याय मिळणार नाही, मग जीव तोडून कशाला करायचं, असं त्या पोरांच्या मनाने घेतलं असावं. (या प्रयोगात मुली नव्हत्या, फक्त मुलगे होते. मुलीच्या पाठीवर जातीबरोबर आणखी एक ओझं असतं, ते वेगळंच.)

आता आपल्या शाळांकडे या. मुलींची गळती थांबावी म्हणून महाराष्ट्र सरकारने १९९२ मध्ये उपस्थिती भत्ता सुरू केला. पहिली ते चौथीतल्या, दारिद्र्यरेषेखालच्या, अनुसूचित जाती-जमातींच्या आणि भटक्या-विमुक्तांच्या मुलींना हजेरीच्या दिवसाला एक रुपया. अट ७५ टक्के उपस्थितीची. तीस वर्षं उलटली तरी तो रुपया एक रुपयाच राहिला. पण रक्कम बाजूला ठेवू. मी चोपडा आणि शिरपूर तालुक्यांतल्या सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत बघत आले आहे, की मदत कोणती यापेक्षा ती कशी दिली जाते याचाच घाव मुलींच्या लक्षात राहतो. एका शाळेत गुरुजी वर्गात उभं राहून म्हणायचे, "भत्त्यावाल्या पोरींनी हात वर करा." हात वर व्हायचे, बाकीच्या पोरी मागे वळून मोजायच्या. त्यात एक हुशार मुलगी होती. तिने तिसरीपासून हात वर करणं सोडलं. आई म्हणाली, "पैसा नको म्हणे, पण नाव घेऊ नका." शासनाच्या कागदावर ती मुलगी 'लाभ न घेतलेली' झाली. ती का झाली, हे लिहायला त्या कागदावर जागाच नाही.

गणवेशाचंही तेच. अनेक वर्षं समग्र शिक्षा योजनेतून सगळ्या मुलींना आणि अनुसूचित जाती, जमाती व दारिद्र्यरेषेखालच्या मुलग्यांना मोफत गणवेश मिळायचा. राहिलेल्या मुलग्यांना नाही. एका बाकावर दोघे बसलेले, एकाला शाळेचे नवे कपडे, दुसऱ्याला नाही. ज्याला मिळाले त्याची जात सगळ्या वर्गाला कळली, आणि ज्याला मिळाले नाहीत त्याच्या मनात शेजाऱ्याविषयी अढी बसली. २०२३ मध्ये राज्य सरकारने सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या पहिली ते आठवीच्या सर्वच मुलांना गणवेश द्यायचं ठरवलं. पुढच्या वर्षी कापड, माप, शिलाई आणि उशीर यांचा जो घोळ झाला, तो तुम्हाला माहीत आहे. घोळावर बोलायलाच हवं. पण सर्वांना सारखं देण्याचा निर्णय फार शहाणपणाचा होता, हेही सांगायला हवं.

आणि 'ढ'चं काय? आपल्या भाषेने मुलाला अपमानित करायला आख्खं एक अक्षर राखून ठेवलं आहे! म्हणतात, अशोकाच्या काळापासून सगळी अक्षरं बदलत गेली, पण 'ढ' होता तसाच राहिला, म्हणून न सुधारणाऱ्याला 'ढ' म्हणायचं. अक्षराची गंमत ठीक आहे. पण मुलाला 'ढ' म्हणणारा त्याला काय सांगत असतो? तू बदलणार नाहीस, हेच ना? हायस्कुलात तुकड्या पडतात, 'अ' हुशारांची, 'ड' उरलेल्यांची. 'ड' तुकडीत पाय ठेवणाऱ्या शिक्षकाचा चेहरा आठवून बघा. मुलं तो चेहरा रोज वाचतात.

१९६५ च्या सुमारास अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेत रॉबर्ट रोझेन्थाल आणि लेनोर जेकबसन यांनी शिक्षकांना काही मुलांची नावं दिली आणि सांगितलं, की आमच्या चाचणीनुसार ही मुलं यंदा एकदम पुढे जाणार. खरं तर नावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी काढलेली होती. वर्षाअखेरीला पहिली-दुसरीतली ती मुलं खरोखर इतरांपेक्षा पुढे गेलेली दिसली. शिक्षकांच्या नजरेतल्या विश्वासाने ती वाढली, असा निष्कर्ष त्यांनी १९६८ च्या पुस्तकात काढला. त्यातल्या आकड्यांवर पुढे बरीच भांडणं झाली, अजूनही होतात. पण मला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. या दोघांनी शिक्षकांना फक्त चांगलं खोटं सांगितलं. 'ही मुलं मागे पडणार' असं खोटं सांगून काय होतं ते बघायचं त्यांनी टाळलं, कारण तसं करणं मुलांवर अन्याय ठरला असता. प्रयोगशाळेतही जे करू नये असं मानतात, ते आपल्या शाळांतून रोज होतं. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही आणि त्याची मोजणीही कोणी करत नाही.

इथून पुढचा प्रश्न जरा अवघड आहे. मन असं चालतं हे कळल्यावर सरकारने त्याचा उपयोग करावा का? करायचा तर कसा? कारण हे ज्ञान दुधारी आहे. लाज काढून टाकायला ते उपयोगी पडतं, तसंच लाज वापरून माणसाला हाकायलाही पडतं. दुसरं काम सोपं आणि स्वस्त असतं, म्हणून अधिकाऱ्यांना त्याचा मोह लवकर होतो.

गुडमॉर्निंग पथकं आठवतात ना? हागणदारीमुक्तीसाठी पहाटे गावाबाहेर उभी राहणारी. हेतू किती चांगला! पण त्या उजेडात कोण सापडायचं? ज्यांच्या घरी शौचालयाला जागा नव्हती, पाणी नव्हतं, त्या बायाबापड्या. ज्यांच्या घरी सोय होती त्यांना त्या पथकाचा चेहराही ठाऊक नाही. लाजेचा बोजा नेहमी अशा माणसावर पडतो, ज्याच्या हातात गोष्ट बदलण्याची ताकद सगळ्यात कमी असते.

शाळेतही हे घडलं आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने ठरवलं, की शिक्षकांनी मुलांच्या दहा-दहाच्या गटांबरोबर सेल्फी काढून ती संगणक प्रणालीवर चढवायची. गैरहजेरी आणि गळती रोखायला हा उपाय. फोटोत आपण दिसणार, दिसलो नाही तर कळणार, म्हणून मूल शाळेत येईल, असा त्यामागचा हिशेब. शिक्षकांनी विरोध केला. मुलींच्या फोटोंचं पुढे काय होणार, असा प्रश्न विचारला गेला आणि जानेवारी २०१७ मध्ये हे प्रकरण थांबलं. पण बघा, कापूस वेचणीच्या दिवसांत शाळा बुडवून आईबरोबर शेतात जाणाऱ्या मुलीला त्या फोटोने काय दिलं असतं? ती आळसाने बुडवत नाही. घरातल्या चार हातांपैकी दोन तिचे आहेत. मनाची युक्ती लावून पोटाचा प्रश्न सुटत नाही. उलट, प्रश्न पोटाचा होता हेच झाकलं जातं.

नापासाचंही असंच. शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवायचं नाही असं ठरवलं होतं. २०१९ मध्ये केंद्राने त्यात बदल केला आणि २०२३ मध्ये महाराष्ट्राने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. नापास झाल्यास पुन्हा एक संधी, तीही गेली तर त्याच वर्गात. "भीती नसेल तर पोरं अभ्यासच करत नाहीत," असं आपणही घरात म्हणतो. काही मुलांच्या बाबतीत ते खरंही असेल. पण यावल-रावेरच्या पट्ट्यात जिच्या लग्नाची घाई घरात आधीच चालू आहे, अशा आठवीतल्या मुलीला हा धाक अभ्यासाकडे नेईल की मांडवाकडे? एकच धाक डॉक्टरांच्या मुलाला शिकवणीला पाठवतो आणि मजुराच्या मुलीला घरी बसवतो. धोरण करणाऱ्याने हा फरक आधी मोजायला हवा.

मग हे शास्त्र बाजूलाच ठेवायचं का? तसंही मी म्हणणार नाही. त्याने मोठी कामं केली आहेत. अमेरिकेत काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या असत. केनेथ आणि मेमी क्लार्क या पती-पत्नींनी लहान मुलांपुढे काळ्या आणि गोऱ्या बाहुल्या ठेवल्या. कोणती बाहुली चांगली, असं विचारल्यावर कितीतरी काळ्या मुलांनी गोरी उचलली. १९५४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, तेव्हा अशा अभ्यासांचाही हवाला दिला होता.

मात्र इथे एक सावधगिरी हवी. प्रयोग म्हणजे वेदवाक्य नव्हे. नेदरलँड्समध्ये २०१८ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. गणिताच्या पेपराआधी मुलींना 'मुलींना गणित जमत नाही' या समजाची आठवण करून दिली तर त्यांचे गुण घसरतात का, हे दोन हजारांहून जास्त शाळकरी मुलामुलींवर तपासलं. काहीच परिणाम दिसला नाही. आधीच्या लहान अभ्यासांत तो दिसला होता. म्हणजे एका गावात जे दिसलं ते दुसऱ्या देशात, दुसऱ्या काळात दिसेलच असं नाही. कोणी साहेब एक परदेशी पुस्तक वाचून येतो आणि जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांना परिपत्रक काढतो, तेव्हा आपण विचारायला हवं, की साहेब, हे इथे, सातपुड्यातल्या पावरा मुलांवर, अहिराणी बोलणाऱ्या मुलांवर कोणी तपासून पाहिलं आहे का? आणि तपासणार असाल तर त्यांच्या आईबापांना विचारलंत का? औषधाची चाचणी घ्यायला सही लागते. मनावरची चाचणी मात्र आपल्याकडे परिपत्रकावर होते.

आणि त्याहून मोठी गोष्ट. उद्या समजा सिद्ध झालं, की हॉल तिकिटावरच्या जातीने गुणांत अर्ध्याचाही फरक पडत नाही. मग ती छापायची का? बाहुल्यांनी काहीही सांगितलं असतं तरी काळ्या मुलांना वेगळ्या शाळेत बसवणं चूकच होतं. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागे. ते पुढे एवढे शिकले, म्हणून ते गोणपाट निरुपद्रवी ठरत नाही. माणसाचा मान हा गुणपत्रिकेवर अवलंबून ठेवायचा नसतो. प्रयोग आपल्याला जखम कुठे आहे ते दाखवतो. जखम करू नये, हे सांगायला त्याची गरज नाही.

कोणी म्हणेल, मग कसलीच नोंद ठेवू नका, सगळे सारखे. हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण ते बहुधा ज्यांना मदतीची गरज नाही तेच बोलतात. जातीची नोंदच नसेल तर शिष्यवृत्ती कोणाला देणार? कोणाला वाचता येत नाही हेच माहीत नसेल तर शिकवणार कोणाला? 'प्रथम' या संस्थेने मुंबईत आणि वडोदऱ्यात बालसखी कार्यक्रम चालवला. तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना रोज साधारण दोन तास वेगळं बसवून त्यांच्या पातळीवरचं शिकवलं. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला, आणि मुलं खरंच पुढे गेलेली आढळली. तिथेही मुलांना वेगळं काढलंच होतं की! पण ते दोन तासांपुरतं होतं, शिकवण्यासाठी होतं, आणि वाचता येऊ लागलं की संपणारं होतं. 'ड' तुकडीची पाटी मात्र दहावीपर्यंत गळ्यात राहते. नोंद आणि पाटी यांतला फरक तो हाच. नोंद मदत पोचवण्यासाठी असते आणि काम झालं की मिटते. पाटी चारचौघांना दाखवण्यासाठी असते.

मिसळण्याचंही असंच आहे. शिक्षणहक्क कायद्यातून खासगी शाळांत २५ टक्के जागांवर गरीब घरची मुलं जातात. त्यांना वेगळ्या वर्गात किंवा वेगळ्या वेळी बसवायचं नाही, असं केंद्राच्या २०१० च्या नियमांतच लिहिलं आहे. यावर श्रीमंत पालकांची कुरकुर असते, "आमच्या मुलांचं काय?" त्याचंही उत्तर दिल्लीतून आलं आहे. तिथल्या काही उच्चभ्रू शाळांना २००७ पासून गरीब मुलांना प्रवेश द्यावा लागला. गौतम राव या अर्थतज्ज्ञाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं, की गरीब वर्गमित्र असलेली श्रीमंत मुलं जास्त उदार झाली, सेवेच्या कामाला जास्त पुढे आली, आणि धावण्याच्या शर्यतीत जोडीदार निवडताना गरिबीकडे कमी बघू लागली. इंग्रजीत किंचित मागे पडली, वर्गातली भाषाही थोडी सैल झाली, हेही त्यात नमूद आहे. मला तरी हा सौदा वाईट वाटत नाही. पण त्यासाठी ती मुलं खरोखर शेजारी बसायला हवीत. जळगावात एका आईने मला सांगितलं, की तिच्या मुलीच्या शाळेत अशा मुलांना सगळे 'आरटीईवाले' म्हणतात, शिपायापर्यंत. सहलीची यादीही वेगळी लागते. कायद्याने दार उघडलं, आणि आत गेल्यावर पुन्हा कपाळावर शिक्का!

आपल्या अमळनेरला प्रताप हायस्कुलात साने गुरुजी शिकवत होते, छात्रालय सांभाळत होते. मुलांच्या खोल्या अस्वच्छ दिसल्या की ते त्यांची नावं फळ्यावर लिहीत नसत. मुलं नसताना स्वतः खोली झाडून ठेवत. मुलांना मनातून लाज वाटत असेलच, पण ती त्यांची त्यांना वाटलेली, चारचौघांत लादलेली नव्हे. मानसशास्त्राचा शब्दही न उच्चारता त्यांना मुलांचं मन कळत होतं. सगळे शिक्षक साने गुरुजी होणार नाहीत, मान्य. म्हणून तर नियम चांगले हवेत.

आता आपण काय करायचं? मैत्रिणींनो, आपल्या हातात वाटतं त्याहून जास्त आहे. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असायला हव्यात. म्हणजे आपणच! पण बैठकीत आपण सही करतो, चहा घेतो आणि येतो. पुढच्या बैठकीत जरा विचारून बघा. भत्ता, शिष्यवृत्ती, मोफत वस्तू यांची नावं वर्गात वाचता की पालकांना बाजूला सांगता? फी थकलेल्यांची यादी फळ्यावर का? मागे पडलेल्या मुलांचा गट केला आहे, तो कधी बदलणार? नवी स्पर्धा, नवा फोटो, नवी चाचणी आली, त्याने मुलांचा काय फायदा आणि नाही म्हणणाऱ्याचं काय? कायद्याचं कलम १७ मारण्याबरोबरच मानसिक छळालाही मनाई करतं, हेही लक्षात असू द्या. गुरुजी-बाईंशी भांडायची गरज नाही. त्यांच्यावरही वरून आलेल्या अर्जांचा आणि याद्यांचा ढीग असतो. बहुतेकांच्या हे ध्यानातच आलेलं नसतं, सांगितलं की ते बदलतात. त्या भत्त्याच्या शाळेत आता बाई पालकसभेच्या दिवशी आयांना एकेक करून बोलावतात. त्याला एक रुपयाही जास्त खर्च आला नाही.

मोठ्या धोरणांसाठी माझी कसोटी साधी आहे. एखादी योजना आली, की स्वतःला विचारायचं, कलेक्टरसाहेबांच्या मुलीला हे असंच चारचौघांत उभं करून केलं असतं का? उत्तर 'नाही' आलं, तर ते ऊसतोडीला जाणाऱ्या बाईच्या मुलीलाही करू नये. आणि हीच कसोटी घरालाही लावून बघा. पाहुण्यांसमोर "हा आमचा अभ्यासात जरा कच्चाच" असं आपण किती सहज बोलून जातो! शासनाने रकाना काढायला आठवडा लावला. आपल्याला तर फक्त जीभ आवरायची आहे.